‘जाणे’ला स्लोव्हाकमध्ये म्हणायचं काय? ‘ईस्त्य’ आणि ‘खोद्यित्य’ यांचा नेहमीचा घोळ आणि त्यावरचे उपाय

तक्रार दर वेळी तीच असते. ‘ताई, रूपं सगळी पाठ आहेत. पण समोर माणूस आला की ‘इद्येम’ म्हणू की ‘खोद्यीम’, तेच सुचत नाही.’ मी स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लावात राहते आणि शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींना स्लोव्हाक शिकवते. काही जण नित्राहून येतात. जॅग्वार लँड रोव्हर ही टाटा मोटर्सची कंपनी, आणि तिचा नित्राचा कारखाना 2018 साली सुरू झाला, म्हणून ते गाव आपल्याकडे थोडंफार ऐकून माहीत असतं. गाव कुठलंही असो, अडतं मात्र सगळ्यांचं एकाच जागी. म्हणून या अडचणीवर एकदा नीट लिहायचं ठरवलं.

आधी उच्चारांबद्दल थोडं. इथला ‘ख’ घशातून घासून काढायचा, उर्दू बोलणारे ‘खबर’ म्हणतात तसा. ‘द्य’, ‘त्य’, ‘न्य’ ही मऊ व्यंजनं आहेत. जीभ टाळूला टेकवून एका झटक्यात म्हणायची, ‘य’ सुटा ऐकू येता कामा नये.

आता रूपं. ‘ईस्त्य’ म्हणजे एका वेळचं, एका दिशेचं जाणं: इद्येम, इद्येश, इद्ये, इद्येमे, इद्येत्ये, इदू. ‘खोद्यित्य’ म्हणजे जाणं-येणं, नेहमीचं जाणं, हिंडणं: खोद्यीम, खोद्यीश, खोद्यी, खोद्यीमे, खोद्यीत्ये, खोद्या. एवढं कुठल्याही पुस्तकात पहिल्या पन्नास पानांत सापडतं. तरीही चूक होते, आणि ती का होते हे पुस्तक सांगत नाही.

मूळ दुखणं

आपण स्लोव्हाक शिकतो ती इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, त्यामुळे मनातलं मराठी वाक्य आधी ‘गो’पाशी जातं आणि तिथून स्लोव्हाककडे वळतं. त्यात आपल्या बोलण्यातल्या इंग्रजीत ‘आय ॲम गोइंग डेली’सुद्धा खपून जातं. मराठीत जो फरक स्वच्छ होता, तो या वळणावर गळून पडतो.

आणि मराठीत तो फरक आहेच. ‘मी कामाला चाललेय’ आणि ‘मी कामाला जाते’ ही वाक्यं आपण कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही. कुणी जिन्यात भेटून ‘कुठे?’ असं विचारलं तर ‘कामाला चाललेय’ म्हणतो. कुणी ‘दिवसभर काय करतेस?’ विचारलं तर ‘कामाला जाते’ म्हणतो. पहिलं ‘इद्येम दो प्रात्से’, दुसरं ‘खोद्यीम दो प्रात्से’. इंग्रजीला मध्ये घेतलंच नाही, तर निम्मं काम इथेच होतं.

पहिली तपासणी: ‘चाललेय’ बसतंय का?

मनातल्या मराठी वाक्यात ‘चाललोय’ किंवा ‘चाललेय’ घालून बघा. वाक्य टिकलं तर ‘ईस्त्य’. ते विचित्र वाटलं आणि ‘जातो’, ‘जात असतो’ किंवा ‘जायचो’ हेच बरोबर वाटलं, तर ‘खोद्यित्य’. ‘मी रोज आठ वाजता कामाला चाललेय’ असं कुणी म्हणणार नाही, म्हणून तिथे ‘खोद्यीम’. ‘लहानपणी मी आजीकडे जायचे’ यातलं ‘जायचे’ तर थेट खूणच आहे: ‘आको द्येत्या सोम खोद्यिला क बापके.’ पुरुष बोलत असेल तर ‘खोद्यिल’. भूतकाळात लिंग बदलतं, आणि आपल्याला त्याचं काहीच ओझं वाटत नाही, कारण ‘गेला, गेली’ आपल्या तोंडात आहेच.

ही तपासणी बहुतेक वेळा पुरते. ती कुठे फसते तेही सांगते, कारण नेमकं तिथेच लोक ‘नियम पाळला तरी चुकलं’ म्हणून वैतागतात.

थांब्यावर उभं राहून विचारायचंय, ‘ही बस स्टेशनला जाते का?’ मराठीत ‘जाते’ आहे, बस रोजच जाते, तरी स्लोव्हाकमध्ये ‘इद्ये’: ‘इद्ये तेन्तो आउतोबुस ना स्तान्यित्सु?’ तुम्ही समोर उभ्या असलेल्या बसच्या या एका फेरीबद्दल विचारताय, आणि दिशा एकच आहे. पण ‘बस दर दहा मिनिटांनी असते’ म्हणायचं असेल तर ‘आउतोबुस खोद्यी काझ्दीख द्येसत्य मिनूत’. इथे सगळ्या फेऱ्या एकत्र धरल्या आहेत.

दुसरी जागा म्हणजे दिनक्रम. ‘सकाळी उठते, चहा घेते आणि कामाला जाते.’ रोजचं आहे, म्हणून मुलं ‘खोद्यीम’ लिहितात. स्लोव्हाक माणूस मात्र म्हणेल, ‘रानो फ्स्तान्येम, विपियेम चाय आ इद्येम दो प्रात्से.’ (चहाला ते ‘चाय’ म्हणतात. दूर देशी पहिल्या आठवड्यात हा शब्द कानावर पडला की बरं वाटतं.) एकामागून एक घडणाऱ्या गोष्टींची साखळी सांगताना बोलणारा एका सकाळीत शिरून, एका वेळचंच जाणं सांगतो. त्यामुळे ‘रोज’ दिसलं की डोळे मिटून ‘खोद्यित्य’ लावू नका.

तिसरी जागा: मुक्कामच नसेल तर. बाळ चालायला लागलं, ‘द्येत्या उझ खोद्यी’. शहरात नुसतं हिंडायचं, ‘खोद्यित्य पो मेस्त्ये’. कुठे जायचंय हा प्रश्नच नाही, म्हणून ‘ईस्त्य’ला जागा नाही. हे पक्कं करायला रस्त्यावरच्या पाट्या उपयोगी पडतात. ‘खोद्नीक’ म्हणजे पदपथ, ‘खोद्येत्स’ म्हणजे पादचारी, ‘खोद्बा’ म्हणजे बोळ किंवा पॅसेज. स्टेशनवरच्या फलकावर ‘प्रीखोदि’ म्हणजे येणाऱ्या गाड्या आणि ‘ओत्खोदि’ म्हणजे सुटणाऱ्या. ‘वीखोत’ म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, आणि पूर्व दिशाही. दुकानाला म्हणतात ‘ओप्खोत’, त्यातही हेच मूळ. महिनाभर या पाट्या मोठ्याने वाचत फिरलात तर मूळ कानात बसेल.

एक धोक्याची जागा मात्र आत्ताच सांगायला हवी. ‘खोद्यित्य’च्या पुढे ‘स’ म्हणजे ‘बरोबर’ आलं आणि कुठे जातो ते सांगितलं नाही, तर अर्थ होतो प्रेमसंबंध. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला कचेरीत विचारलं, जेवायला एकटी जातेस का? ती म्हणाली, ‘खोद्यीम स कोलेगोम.’ तिला म्हणायचं होतं, सहकाऱ्याबरोबर जाते. समोरच्या बाईंनी मनापासून अभिनंदन केलं. तिला संध्याकाळी अर्थ कळला तेव्हा ती रडकुंडीला आली होती. उपाय अगदी सोपा आहे, ठिकाण जोडायचं: ‘खोद्यीम स कोलेगोम ना ओबेत’, सहकाऱ्याबरोबर जेवायला जाते. वाक्य तिथपर्यंत नेल्याशिवाय थांबायचं नाही.

‘आलो!’ म्हणायचं असेल तर

माझ्या मते सगळ्यात मोठा खड्डा हाच आहे, आणि पुस्तकं याच्यावर दोन ओळीही खर्च करत नाहीत.

चिंचवडचा एक मुलगा नित्राला एका आजीबाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहायचा. रविवारी आजीबाई कोंबडीचं सूप करायच्या आणि जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून त्याला हाक मारायच्या. हा वरून ओरडायचा, ‘प्रिश्येल सोम!’ म्हणजे, ‘आलो!’ आणि मग निवांत केस विंचरत बसायचा, आपण आईला ‘आलो’ म्हणून बसतो तसा. आजीबाई हातात पळी घेऊन घराच्या दाराकडे बघायच्या. त्यांना वाटायचं हा बाहेर होता आणि आत्ता घरी पोचला. दार उघडून बघायच्या तर कुणी नाही. असं तीन रविवार झालं, मग त्याने मला विचारलं.

‘आलो’ हा आपला भूतकाळ खरं तर ‘निघालोच’ या अर्थाचा आहे. स्लोव्हाकमध्ये ‘प्रिश्येल सोम’ म्हणजे येऊन पोचलो, दारात उभा आहे. तिथे म्हणायचं ‘उझ इद्येम!’ शब्दांवर गेलात तर ‘आता जातो’, पण त्याचा अर्थ ‘आलोच’.

कारण असं आहे. ‘प्रीस्त्य’ म्हणजे येऊन पोचणे. हे पूर्ण झालेल्या क्रियेचं क्रियापद आहे, त्यामुळे त्याला चालू वर्तमानकाळ नाही. ‘प्रीद्येम’ दिसायला वर्तमानासारखं दिसतं पण अर्थ आहे ‘येईन’. मग रोजच्या बोलण्यात ‘येतोय’ला सहसा काय म्हणतात? ‘ईस्त्य’च. मराठीत ‘ये’ आणि ‘जा’ बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतात. ‘ईस्त्य’ला त्याची फिकीर नाही. कुणीतरी वाटेवर आहे, एवढंच ते सांगतं. म्हणून फलाटावर लोक म्हणतात ‘इद्ये व्लाक!’ म्हणजे गाडी येतेय. ‘ओत्क्याल इद्येश?’ म्हणजे कुठून येतोयस? ‘इद्ये सेम’ म्हणजे इकडे येतोय. वर सांगितलेली ‘चाललेय’ची तपासणी इथे लंगडी पडते, कारण आपलं ‘चाललाय’ बोलणाऱ्यापासून लांब जाणाऱ्याबद्दल असतं. तेव्हा एवढं वाढवून घ्या: ‘चाललाय’ किंवा ‘येतोय’, दोन्हींना ‘इद्ये’.

याच खड्ड्याचं दुसरं टोक निरोप घेताना लागतं. आपण कुणाच्या घरून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. इथे पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंकडून निघताना मी ‘प्रीद्येम’ म्हणाले. त्यांनी लगेच विचारलं, ‘केदि?’ कधी? मी काहीतरी पुटपुटले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या केक करून माझी वाट बघत होत्या. मी गेलेच नव्हते. ते कळल्यावर मला जे वाईट वाटलं, ते अजून आठवतं. निघताना म्हणायचं, ‘ताक या इद्येम’ किंवा ‘उझ मुसीम ईस्त्य’. पहिल्यांदा ‘जाते’ म्हणताना जीभ अडखळते, आजीने लहानपणी तसं म्हणू दिलेलं नसतं. पण त्यांच्या भाषेत त्यात अशुभ काही नाही.

आज्ञार्थ याच गटातला, म्हणून लगेच सांगते. ‘पोद्य’ म्हणजे ये आणि चल, दोन्ही. ‘पोद्य सेम’ इकडे ये, ‘पोद्यमे’ चला, निघूया. डॉक्टरकडे दार उघडून ‘पोद्यत्ये द्यालेय’ म्हणतात ते ‘या, आत या’. ‘खोद्य’ म्हणजे जा, आणि ‘न्येखोद्य’ म्हणजे जाऊ नकोस. ‘जा’ म्हणायला ‘खोद्यित्य’चं रूप का, म्हणून डोकं शिणवू नका. तसंच तोंडात बसवा.

‘गेले होते’चं भाषांतर करू नका

‘काल मी तात्रीला गेले होते.’ (तात्री म्हणजे इथले डोंगर.) यावर नवशिका हमखास ‘इश्ला सोम’ लावतो. व्याकरण बरोबर, पण ऐकणारा पुढचं ऐकायला थांबतो: जात होतीस, मग वाटेत काय झालं? आपल्या ‘गेले होते’ मध्ये जाऊन परत आल्याचं गृहीत आहे. स्लोव्हाक माणूस त्यासाठी जाण्याचं क्रियापदच वापरत नाही, ‘असणे’ वापरतो: ‘फ्चेरा सोम बोला फ तात्राख’, म्हणजे काल मी तात्रीत होते. ‘तू कधी तात्रीला गेलायस का?’ हेही ‘बोल सि न्येकेदि फ तात्राख?’ असंच. तपासणी सोपी: मराठीत ‘जाऊन आले’ म्हणता येत असेल तर ‘बोला सोम’ (पुरुषाने ‘बोल सोम’). प्रवासाबद्दलच बोलायचं असेल, गाडी कुठली, सोबत कोण, रस्ता कसा, तर ‘इश्ला सोम’.

भविष्यकाळात चूक एकच होते, पण ती कानाला फार खुपते. ‘बुद्येम ईस्त्य’ असं काही नसतं. ‘ईस्त्य’चा भविष्यकाळ स्वतंत्र आहे: प्वोयद्येम, प्वोयद्येश, प्वोयद्ये, प्वोयद्येमे, प्वोयद्येत्ये, प्वोयदू. ‘बुद्येम’ लागतं ते ‘खोद्यित्य’ला: ‘बुद्येम खोद्यित्य ना स्लोवेन्चिनु’, मी स्लोव्हाकच्या वर्गाला जात जाईन. ठरलेला बेत असेल तर वर्तमानही चालतो, ‘झायत्रा इद्येम दो कोशीत्स’, अगदी आपल्या ‘उद्या कोशित्सेला चाललेय’सारखा. नकारात ‘न्ये’ आणि ‘इद्येम’ मिळून ‘न्येयद्येम’ होतं, ‘न्ये इद्येम’ असं सुटं नाही.

‘घरी’ आणि ‘कुठे’

हे दोन शब्द मराठीत जागेलाही चालतात आणि दिशेलाही. ‘घरी आहे’, ‘घरी चाललेय’. स्लोव्हाकमध्ये पहिलं ‘दोमा’, दुसरं ‘दोमोव’. ‘कुठे आहेस?’ म्हणजे ‘ग्द्ये सि?’, पण ‘कुठे चाललास?’ म्हणजे ‘काम इद्येश?’ रस्त्यावर ‘ग्द्ये इद्येश’ही ऐकू येईल. तरी तुम्ही ‘काम’च धरा, त्यात कुणी खोट काढणार नाही.

ठिकाणापुढे काय लावायचं, याला मात्र मराठी फार सुंदर मदत करते. शाळेत, स्टेशनवर, डॉक्टरकडे. ‘त’ असेल तिथे ‘दो’: दो श्कोलि. ‘वर’ असेल तिथे ‘ना’: ना स्तान्यित्सु. ‘कडे’ असेल तिथे ‘क’: क लेकारोवि. हे तीन खण जुळतात हे मला पहिल्यांदा दिसलं, तेव्हा वाटलं की हे इंग्रजीतून मला कधीच दिसलं नसतं. थोडे अपवाद पाठ करावे लागतात: पोस्टात ‘ना पोश्तु’, विद्यापीठात ‘ना उनिवेर्झितु’, आणि खुद्द स्लोव्हाकियाला ‘ना स्लोवेन्स्को’, पण भारतात ‘दो इन्दिये’. पोचल्यावर रूप बदलतं हेही ध्यानात असू द्या: शाळेत आहे ‘फ श्कोल्ये’, स्टेशनवर आहे ‘ना स्तान्यित्सि’, डॉक्टरकडे आहे ‘उ लेकारा’.

वाहनाचं काहीच अवघड नाही. चेकमध्ये पायी जाणं आणि वाहनाने जाणं यांना वेगवेगळी क्रियापदं आहेत, आणि आधी प्रागमध्ये राहून आलेले लोक तो फरक इथेही शोधत बसतात. स्लोव्हाकमध्ये ‘इद्येम व्लाकोम’, ‘इद्येम आउतोम’, ‘इद्येम पेशि’, सगळीकडे तेच क्रियापद.

‘न्येयद्ये’ ऐकलं की कुणी गेलं नाही असं समजू नका

इमारतीतल्या लिफ्टवर कागद चिकटवलेला असतो, ‘वीत्याह न्येयद्ये’. लिफ्ट ‘जात नाही’ नव्हे, चालत नाही. घड्याळ बंद पडलं, इंटरनेट बंद पडलं, तरी ‘न्येयद्ये’. ‘तो न्येयद्ये’ म्हणजे ते जमणार नाही, शक्य नाही, आणि ‘आको तो इद्ये?’ म्हणजे कसं चाललंय? इथे ‘जाणे’ विसरून ‘चालणे’ आठवा, सगळं जागच्या जागी बसेल. सरकारी खिडकीवर ‘ओ चो इद्ये?’ विचारलं तर ते ‘काय काम आहे, कशाबद्दल आहे?’ असं असतं. आणि आभाळ भरून आलं की ‘इद्ये प्रशात्य’, पाऊस येणार. ब्रातिस्लावातल्या स्लोव्हाक विज्ञान अकादमीच्या ल्युदोवीत श्तूर भाषाशास्त्र संस्थेचे शब्दकोश इंटरनेटवर मोफत बघता येतात. ‘ईस्त्य’ची नोंद एकदा वरपासून खालपर्यंत वाचाच.

अजूनही अडत असेल तर

रात्री घरी फोनवर जे बोललात, त्यातली जाण्या-येण्याची पाच वाक्यं जशीच्या तशी मराठीत वहीत उतरवा, ‘आलो’, ‘गेले होते’, ‘चाललोय’, ‘जायचो’, ‘येते’ या रूपांसकट, आणि मग प्रत्येकाशेजारी स्लोव्हाक लिहा. पंधरा दिवसांत हात आपोआप वळतो. आणि मला प्रश्न पाठवताना ‘‘आय वेंट’ला काय म्हणतात?’ असं विचारू नका. तुम्ही ते वाक्य आईला कसं म्हणाला असतात, ते लिहा. ‘गेलो’, ‘गेलो होतो’ की ‘जायचो’, एवढं कळलं की उत्तर एका ओळीत देता येतं.